हातांसकट एक फोटो

लग्नाला चार महिने झाले. मेंदी उतरली, आहेराची भांडी माळ्यावर गेली, पण किस्से काही जागचे हलत नाहीत. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी जो येतो तो आधी चहा घेतो आणि मग अल्बम मागतो. मी कमी बोलते, त्यामुळं मलाही ते बरं पडतं. अल्बम पुढ्यात ठेवला की पाहुणे आपले आपणच बोलत बसतात. अडचण एवढीच की पानागणिक एक किस्सा निघतो आणि पाहुण्यागणिक तो थोडा फुगतो. परवा आमच्या लग्नात हत्ती होता असं मला कळलं. तेव्हा आणखी काही यायच्या आत, जे मी स्वतः पाहिलं तेवढं लिहून ठेवते.

*

आधी आण्णांबद्दल. आण्णा म्हणजे माझे वडील. हुपरीत पैंजणं करतात. गावात घरोघरी हेच काम. आमच्या घरी जोडकाम होतं आणि घुंगरं बसवली जातात. तीस वर्षं चांदी तापवून, घासून, तेजाबात बुडवून आण्णांच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत. नखांचं तर विचारूच नका. गल्लीत या हातांकडं कुणी बघत नाही, कारण सगळ्यांचे तसेच.

मला बघायला कोल्हापूरचे पाहुणे येणार म्हटल्यावर मात्र मामांचं तिकडं लक्ष गेलं. ते आण्णांना म्हणाले, "दाजी, बाकी सगळं झ्याक हाय. हात तेवढे झाकून ठेवा. मानसं शहरातली हायत."

आण्णांनी मान डोलावली. मी तिथंच पोहे निवडत बसले होते. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पोहे फार स्वच्छ निवडले गेले, एवढंच.

पाहुणे आले. आण्णा खुर्चीत, मांडीवर पेपर, पेपराखाली दोन्ही हात. मुलगा काय करतो, शिरोलीच्या फौंड्रीत नेमकं कुठल्या खात्यात आहे, घर स्वतःचं का, हे सगळं मामाच विचारत होते. आण्णा खाली बघत होते. लोकांना वाटलं, लाजरा माणूस आहे. तसं काही नव्हतं. हुपरीचा माणूस आधी पाय बघतो, वेळ मिळाला तर चेहरा.

दहा मिनिटांनी ते पहिलं वाक्य बोलले, आणि तेही थेट मुलाच्या आईला. "तुमच्या डाव्या पैंजणाचा हूक ढिला झालाय. पडंल."

मामांना पोह्यांचा ठसका लागला. मुलाच्या आईनं वाकून पायाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मग घट्ट करून द्या की, पावणं. तुमचंच काम हाय."

आण्णांचा एक हात पेपराखालून निघाला. मामांनी डोळे वटारले. हात परत आत गेला. "नंतर करू की, घाई काय हाय," मामा म्हणाले.

परत जाताना गाडीत काय झालं ते अभिजितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुढं कधीतरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी बोलत न्हाय, पण बा खरं बोलतोय. करून टाकूया."

*

साखरपुडा हुपरीतच, देवळाशेजारच्या हॉलमध्ये. सासूबाई आल्या त्या भारी साडी नेसून, आणि डाव्या पैंजणाला लाल दोरा बांधून. कोल्हापुरात अख्खी गुजरी दागिन्यांच्या दुकानांनी भरलेली. कुणीही दोन मिनिटांत हूक बसवून दिला असता. पण नाही, दोराच.

तो दोरा मी पाहिला, आणि माझ्याआधी आण्णांनी. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. सासूबाई जिकडं जातील तिकडं त्यांची मान वळायची. शेवटी आई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "अवो, ईनबाईच्या पायाकडं किती बघायचं? मानसं हसाय लागल्यात."

फोटोंची तर वेगळीच तऱ्हा. आण्णांनी खांद्यावरची शाल अशी काही लपेटलेली की फोटोग्राफरला शंका आली, काकांना थंडी वाजून आलीय का? तो म्हणाला, "काका, हात जरा पुढं घ्या, आशीर्वादाची पोज घेऊ." मामा लगेच मध्ये. "राहू दे, शालीत रुबाबदार दिसत्यात."

अभिजितचे चुलते आप्पा, हे माणूस मोठ्या आवाजाचे. शेजारच्याशी कुजबुजले तरी गेटवर ऐकू जातं. ते म्हणाले, "सगळ्या फोटूत शालच. व्याह्यांना हात हायत न्हवं?"

चारजण हसले. मी स्टेजवरच होते. आण्णाही होते. त्यांनी ऐकलं आणि शाल आणखी वर ओढली.

सासूबाई पेढ्यांचं ताट घेऊन आप्पांच्या जवळच उभ्या होत्या. आप्पांच्या तोंडात एक पेढा होता, त्यावर त्यांनी दुसरा कोंबला आणि पुढं गेल्या.

*

साखरपुड्यानंतर रोज फोन. अभिजित वीस मिनिटं बोलायचा, मी "हं" म्हणायचे. फौंड्रीतली भट्टी, साहेबाचा स्वभाव, रंकाळ्यावरची भेळ, सगळं ऐकून झालं. शेवटी तो काळजीत पडून आईला म्हणाला, ती बोलतच नाही. सासूबाईंचं उत्तर, "तुझा बा बोलतोय तेवढं पुरं हाय या घरात."

एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "लग्नात तुला काय पाहिजे ते तरी सांग. डेकोरेशन? घोडा?"

आणि मी एका दमात बोलले. "आण्णांचा एक फोटो पाहिजे. हातांसकट. शाल नको, खिसे नकोत, पाठीमागं हात नकोत. या हातांनी मला शिकवलंय, बी.कॉम. केलंय. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते नसले तर तो अल्बम मला नको."

मग तो म्हणाला, "एवढं बोलतीस व्हय तू?"

हे त्यानं कुणाला सांगितलं का, असं मी त्याला आजवर तीनदा विचारलंय. "मी कशाला सांगू," म्हणतो आणि भेळेवर येतो.

*

माझी पैंजणं हा गल्लीचा विषय झाला. आमच्यात एक पैंजण पाच घरं फिरतं. एकाकडं तार ओढली जाते, दुसऱ्याकडं कड्या वळतात, तिसऱ्याकडं नक्षी, मग जोडकामाला आणि घुंगरांना आमच्याकडं, शेवटी उजळायला पाचवं घर. एरवी हे इतकं ठरलेलं असतं की डोळे मिटून चालतं.

पण यावेळी पैंजण "आपल्या वैशूचं" होतं. तारवाल्या काकांनी कुणाला न सांगता तार जरा जाड ओढली. कड्यावाल्या काकूंनी गुपचूप दुहेरी कड्या घातल्या. नक्षीवाल्यांनी मोराच्या शेजारी आणखी एक मोर बसवला, एकटा वाईट दिसतो म्हणून. आण्णांनी घुंगरांची एक ओळ वाढवली. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानंच माया केलीय.

पैंजणं उजळून आली आणि मी ती घालून उभी राहिले. म्हणजे उभीच राहिले. पाऊल उचलेना.

आई म्हणाली, "पोरगी सासरास्नं पळून येऊ नये म्हणून बेड्या केलासा काय?"

पाचही घरची माणसं अंगणात जमली. कुणाचं काय काढायचं यावर तासभर वाद. कुणीच आपलं काढू देईना. शेवटी आण्णांनी स्वतःची घुंगरांची ओळ उतरवली आणि मला म्हणाले, "चालून दाखीव." मी चालले. ते डोळे मिटून ऐकत होते. "उजव्यातलं तिसरं मुकं हाय," म्हणाले, आणि खरंच तिसरं घुंगरू वाजत नव्हतं.

उरलेल्या वजनासकट मी ती पैंजणं घातली. स्टेजवर मी सावकाश, मान खाली घालून आले, त्याचं सासरी फार कौतुक झालं. किती संस्कारी चाल!

*

लग्नाच्या आदल्या दिवशी मामा पिशवीभर लिंबं घेऊन आले. आण्णांना बेसिनपाशी उभं केलं. आधी लिंबू, मग चिंच, मग राख, मग भांड्याची पावडर, शेवटी टूथपेस्ट. मामा घासतायत, आण्णा लहान पोरासारखे हात पुढं करून उभे. तासाभरानं बेसिन असं चकचकीत झालं की आईला ते इतकं पांढरं होतं हेच आठवत नव्हतं. हात होते तसेच.

आण्णा म्हणाले, "चिंचंनं चांदी उजळती. हात न्हाय उजळत."

मामा हरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुसऱ्या पिशवीतून पांढरे हातमोजे काढले. आण्णांनी ते घातले, वर नवा कोट चढवला आणि आरशात बघितलं.

"लई ब्येस," आई म्हणाली. "आता गळ्यात ढोल तेवढा अडकवा. बँडवाल्यांत उभं केलं तर ओळखायचं न्हाईत कोन."

हातमोजे बारगळले. कोट राहिला, आणि कोटाचे खिसे. "खिशात ठेवतो मग," आण्णा म्हणाले, इतक्या समजूतदारपणे की मला तिथं थांबवेना. आईनं मात्र दोन्ही खिसे उलटे करून बघितले आणि एकातनं बारकी पक्कड काढून घेतली. पोरीच्या लग्नात तरी ही नको, म्हणाली.

*

लग्न कोल्हापुरात. अक्षता पडल्या, आणि मग उखाणा. माझ्या कानावर आलं होतं की नवरी नाव घेणारच नाही अशी सासरच्या बायकांची खात्री झालीय. एका चुलत सासूबाईंनी तर कागदावर एक सोपा उखाणा लिहून आणला होता, वाचून दाखवायला. माईक माझ्या तोंडासमोर आला. समोर पहिल्या रांगेत आमची पाच घरं बसली होती. आण्णा स्टेजच्या कडेला, खिशात हात घालून. मी कागद घडी करून चुलत सासूबाईंना परत दिला आणि म्हटलं:

"पाच घरांचं पैंजण माझं, पाच घरांची लेक मी,
अभिजितरावांचं नाव घेते, बोलते जरी कमी."

तारवाल्या काकांनी फेटा काढून डोळे पुसले. नक्षीवाले शेजारच्या अनोळखी माणसाला, दुसरा मोर आपला, असं सांगत सुटले. आणि कागदवाल्या सासूबाई म्हणाल्या, "झालं. आता वर्सभर बोलायची न्हाय ही."

*

जेवणं उरकली आणि घरच्यांचे फोटो सुरू झाले. फोटोग्राफरनं आई-आण्णांना माझ्या शेजारी उभं केलं. आण्णांचे हात खिशात. "काका, हात," फोटोग्राफर म्हणाला. मामांनी खालूनच नको म्हणून मान हलवली. मी अभिजितकडं बघितलं. तो फेटा नीट करत होता.

तेवढ्यात सासूबाई स्टेजवर आल्या. येता येता आप्पांना हाताला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, माझी पर्स धरा जरा." आप्पा पर्स धरून उभे राहिले. सासूबाईंनी फोटोग्राफरला थांबवलं आणि नवरा-नवरीच्या खुर्चीत सरळ बसल्या. लाल दोरा ओढून तोडला. डाव्या पायातलं पैंजण काढलं आणि तळहातावर घेऊन आण्णांपुढं धरलं.

"पावणं, सा म्हैनं झालं दोऱ्यावर. कुनाला हात लावू दिला न्हाय. तुमचं मेव्हनं म्हनलं हुतं, नंतर करू."

मामा घाईघाईनं वर आले. "ताई, आता हितं कुठं? उद्या घरी..."

"हितंच."

आण्णांनी पैंजणाकडं बघितलं. मग मामांकडं. मग परत पैंजणाकडं. आणि त्यांचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले.

आईनं कोटाचे दोन खिसे तपासले होते. कोटाला आतून तिसरा असतो हे तिला माहीत नव्हतं. त्यातून दुसरी पक्कड निघाली.

आण्णा स्टेजवरच मांडी घालून बसले. पैंजण डोळ्यांजवळ नेलं. दोनदा दाबलं, एकदा वळवलं, कानाशी धरून हलवलं. त्या काळ्या बोटांत ती चांदी इतकी पांढरी मी कधी पाहिली नव्हती. फोटोग्राफर गुडघ्यावर बसून फोटो काढत सुटला होता, त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

सासूबाईंनी पैंजण पायात घातलं, पाय आपटून बघितला. मग खाली वाकल्या, आण्णांचे दोन्ही हात मनगटाला धरून वर उचलले, कॅमेऱ्याकडं केले, आणि मागं वळून म्हणाल्या, "आप्पा भावजी, नीट बघून घ्या. दोन्ही हायत."

आप्पा पर्स छातीशी धरून उभे.

आण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं. हात तसेच वर, नजर खाली. म्हणाले, "ईनबाई, उजवंबी काढा. तेबी बघून टाकतो."