मागच्या बाजूचं भांड्यांचं दुकान

आमच्या शॉपिंग सेंटरला पुढची बाजू आहे आणि मागची बाजू आहे, आणि मंदी आली की आधी मरते ती मागची बाजू. पुढे बँक, मोबाईलवाले, कोंबडी तळून विकणारे. मागे आम्ही. बाना न्कांडूचं भांड्यांचं दुकान, समोर माझं वेण्या घालायचं दुकान, आणि शेजारी सुपरमार्केटचा भलामोठा हॉल. त्या हॉलला कुलूप लागलं आणि आमच्याकडे चिटपाखरू फिरकेना.

तांब्याचा भाव पडला की आमच्या कितवेमध्ये, ह्या तांब्याच्या खाणींच्या गावात, सगळंच पडतं. खाणीनं माणसं घरी बसवली, त्यांच्या बायका एकमेकींच्या वेण्या अंगणात बसून घालायला लागल्या, आणि मी बसले माशा मारत. सेंटरमध्ये माणसं येत नव्हती असं नाही हो. यायची की! थंडगार हवेत फिरायची, काचेतल्या बुटांसमोर फोटो काढायची, घरून आणलेले विटुम्बुआ, म्हणजे तळलेले गोड गोळे, बाकावर बसून खायची आणि तेलकट हात पुसत चालती व्हायची. एक बाई माझ्या दुकानात शिरली, मला वाटलं देव पावला. तर तिला आरशात नुसती आपली टोपी नीट करायची होती. मी तिला काय बोलले ते इथे सांगत नाही.

पण मला सांगायचंय ते बाना न्कांडूबद्दल. ठेंगणी, जाडजूड, आवाज असा की पार्किंगमधल्या माणसानं मागे वळून बघावं. न्कांडू तिची थोरली लेक, म्हणून ही बाना न्कांडू, न्कांडूची आई. तिचं खरं नाव कोणी घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. आठवडाभर ती भांडी विकायची आणि शनिवारी व्हायची नाचिम्बुसा. लग्न ठरलेल्या मुलीला घरात बसवून संसार कसा करायचा, सासू कशी सांभाळायची, नवऱ्याचं तोंड वाकडं झालं तर काय करायचं, हे सगळं ती ढोलाच्या तालावर शिकवायची. अर्ध्या कितवेच्या सुना तिच्या हाताखालून गेल्यात. दुसऱ्यांचे संसार उभे करता करता तिच्या स्वतःच्या संसाराला मात्र तडा जायची वेळ आली होती. नवरा मुबांगा खाणीत होता, त्याला घरी बसवलं, आणि तो बोलायचाच थांबला. पडवीत बसून एकच रेडिओ उघडायचा आणि पुन्हा जोडायचा. घर चालत होतं ते ह्या दुकानावर, आणि दुकान चालत नव्हतं.

अशात आमचा मॅनेजर जेरे एका सकाळी आला आणि माझ्या आरशाकडे बघत म्हणाला, "लुसाकाच्या हेड ऑफिसातून लुबिंडा साहेब येतायत. सोमवारी. मागच्या बाजूला माणसं येतात का ते स्वतः बघणार. नसतील येत तर ही बाजू बंद."

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"बंद म्हणजे बंद, लव्हनेस. दिवे, पाणी, सगळं. महिनाअखेर सामान उचला."

माझं काय, चार कंगवे आणि एक आरसा. कुठल्याही झाडाखाली बसेन. पण पातेल्यांच्या उतरंडी घेऊन बाना न्कांडू कुठे बसणार? तिनं मात्र नवऱ्यालाही सांगितलं नाही. "आधीच त्याच्या तोंडाला कुलूप लागलंय. हे ऐकलं तर माणूस खचेल माझा," एवढंच मला म्हणाली, आणि पातेल्यांवरची धूळ पुसायला लागली.

त्याच दिवशी दुपारी तिच्याकडे लग्न ठरलेल्या बुपेची आई आली आणि स्टुलावर बसून रडायला लागली. लग्नाआधी बायका नवरीला भांडीकुंडी देतात ती किचन पार्टी शनिवारी. बायकांना आमंत्रणं गेलेली, सगळ्यांचे एकसारख्या छापील कापडाचे चितेंगे शिवून झालेले, आणि ठरवलेल्या हॉलवाल्यानं ऐनवेळी भाडं वाढवलं. घरचं अंगण म्हणजे तळहाताएवढं. "एवढ्या बायका कुठे बसवू, बाना न्कांडू? डोक्यावर?"

बाना न्कांडूनं मान वळवून शेजारच्या हॉलच्या शटरकडे बघितलं. बघत राहिली. मग उठली ती थेट जेरेच्या ऑफिसात, आणि तमाशा बघायला मी तिच्या मागे.

"अरे उंदीरखाऊ, हॉलची किल्ली दे."

"काय म्हणून देऊ, माकडखाऊ?"

जेरे ङोनी जमातीचा आणि आम्ही बेम्बा. आमच्या पूर्वजांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हापासून आमचं नातं थट्टेचं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, हातातली वस्तू खेचून न्यावी, रागवायची सोय नाही. मयताला गेलं तरी आम्ही रडणाऱ्या ङोनीची टोपी पळवतो. जो रागावला तो हरला, आणि त्याच्या घरचेच त्याला हसतात. बाना न्कांडूनं टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि सरळ ब्लाऊजमध्ये टाकला.

"घे आता."

जेरेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अहो, माझी नोकरी जाईल!"

"माझं दुकान जातंय ते? शनिवारी पार्टी, रविवारी मी स्वतः हॉल झाडून देते. सोमवारी तुझ्या साहेबाला फरशीत तोंड बघू दे."

जेरेनं हात टेकले. "तुम्हा लोकांशी आमच्या आजोबांनी लढाईच करत राहायला हवी होती," तो म्हणाला.

शनिवारी मागची बाजू मी ओळखलीच नाही! जिकडे बघावं तिकडे एकाच रंगाच्या चितेंग्यातल्या बायका. ढोल, कंद-शेंगदाण्याच्या चिकांडा-वड्यांचा वास, आंबवलेल्या मुन्कोयो पेयाच्या बादल्या. भेटवस्तू डोक्यावर घेऊन नाचत आत शिरायचं असतं, आणि ह्या तंगीच्या दिवसांत निम्म्या बायकांनी खरेदी शेवटच्या घटकेवर ठेवलेली. मग काय, बाना न्कांडूच्या दुकानात ही झुंबड! कोणी पातेलं उचलतंय, कोणी कालथे, दोघी-तिघी मिळून एक कढई. ज्यांचे केस विस्कटले होते त्या माझ्याकडे. माझी बोटं दुखायला लागली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बुपे आत चटईवर, डोक्यापासून पायापर्यंत चितेंग्याखाली झाकलेली. शेजारी बाना न्कांडू. आता फक्त नवरदेव यायचा होता. किचन पार्टीत पुरुषाला मज्जाव. एकटा नवरदेव फुलं घेऊन येतो, कापड उचलून नवरी उघडतो आणि जातो. पण हा नवरदेव सोल्वेझीहून येत होता आणि त्याची बस रखडली होती. दाराशी उभी केली होती बुपेची आत्या फेलिस्टस. ती आदल्या दिवशी कसामाहून आलेली, नवरदेवाला जन्मात पाहिलेलं नाही. लग्नाची बोलणी मध्यस्थ करतात, मुलाचं तोंड आत्याला दिसणार कुठून?

आणि लुबिंडा साहेब सोमवारऐवजी शनिवारीच टपकले. शनिवारची खरी गर्दी बघायची म्हणे, न कळवता. जेरेच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला सुचेना, तेव्हा फाटकावरच्या फुलवालीकडून त्यानं एक गुच्छ घेतला आणि साहेबांच्या हातात कोंबला. काळा सूट, चकाचक बूट, हातात फुलं. साहेब ढोलाच्या आवाजाच्या रोखानं निघाले.

फेलिस्टस आत्यानं त्यांना बघितलं आणि ती किंचाळलीच. "आला गं बाई, आला!"

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की कोणाला थांबवायला सवडच मिळाली नाही. बायकांनी तोंडानं उलूलू केलं, ढोल दुप्पट झाले, साहेबांच्या पायाखाली चितेंगे अंथरले गेले. मागून जेरे ओरडत होता, "अहो, ते नाही! ते नाही!" त्याला आत्यानं दारातच ढकललं. "पुरुषांनी बाहेर!" आणि साहेब? साहेब हसत हसत चालत होते. त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं, त्यांना वाटलं की भाडेकरूंनी त्यांचं स्वागत ठेवलंय. मोठ्या माणसांची सवयच असते तशी.

ते चटईपाशी आले. बाना न्कांडू मान खाली घालून, टाळ्या वाजवत म्हणाली, "उघडा."

साहेबांनी कापडाचं टोक धरलं आणि कोनशिलेचं अनावरण करावं तशा झोकात उचललं.

बुपेची नजर शिकवल्याप्रमाणे जमिनीवर. तिला दिसले ते बूट. पन्नाशीच्या माणसाचे, टोकदार. "आई गं! हा माझा नाहीये!"

ढोल थांबले. त्या शांततेत दारातून जेरेचा रडवेला आवाज आला, "ते लुबिंडा साहेब आहेत हो, लुसाकाचे!"

मी बाना न्कांडूकडे बघितलं. एवढी खमकी बाई, पण तिचा चेहरा राखेसारखा झाला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. चोरून उघडलेला हॉल, आणि ज्याच्या हातात दुकान, त्याचीच भर बायकांत शोभा.

ती गुडघ्यांवर बसली. हात जोडून, आमच्यात मान देतात तशी हळू टाळी वाजवली आणि सरळ बोलली. "साहेब, जेरेचा दोष नाही. किल्ली मी पळवली. शेजारचं भांड्यांचं दुकान माझं. तुम्ही ते बंद करायला आलात हे मला ठाऊक आहे. माझा माणूस खाणीतून घरी बसलाय, मला दुसरं काही येत नाही. मुली नवऱ्याघरी पाठवायच्या आणि त्यांना पातेली विकायची. बंद करायचं तर करा, पण ह्या पोरीची पार्टी होऊ द्या."

साहेबांच्या एका हातात अजून गुच्छ आणि दुसऱ्यात नवरीचं कापड. ते त्या बायकांकडे बघत होते, दारातून दिसणाऱ्या भांड्यांच्या दुकानाकडे बघत होते, तिथे अजून दोघी कढईवरून भांडत होत्या. एवढ्यात खरा नवरदेव धापा टाकत दारात आला, चुरगळलेली फुलं घेऊन. त्यानं हे बघितलं आणि विचारलं, "हा कोण?"

आधी आत्या हसली. मग बुपे, जिनं हसायचं नसतं. मग सगळा हॉल! साहेबांनी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटले, खांदे हलायला लागले, आणि शेवटी तेही डोळे पुसत हसले. फेलिस्टस आत्या कसली सोडते! "दुसऱ्याची नवरी उघडली. दंड भरा." साहेब निमूट बाना न्कांडूच्या दुकानात गेले आणि सगळ्यांत मोठं पातेलं घेऊन आले. ते डोक्यावर घेऊन नाचावं लागेल असं बायकांनी बजावल्यावर मात्र ते पळाले.

बाहेर त्यांनी जेरेला विचारलं, "गेल्या शनिवारी इथे किती माणसं होती?"

"एक कुत्रं, साहेब. तेही वाट चुकलेलं."

"आणि अशा पार्ट्या असतात तरी किती?"

उत्तर बाना न्कांडूनं दिलं. "मंदीत लग्नं थांबत नाहीत, साहेब. नवरे कामावरून जातात, मुली वयात यायच्या थांबत नाहीत. स्वस्तातला हॉल द्या, दर शनिवारी एक नवरी मी आणते."

साहेबांनी गुच्छ तिच्या हातात दिला. "मग बाजू उघडी राहू दे. हॉलचं भाडं जेरे ठरवेल, त्याच्या मागे लागा. खाणीचं काय होतं ते पुढच्या वर्षी बघू." आणि गाडीत बसून गेले.

मी तिला मिठी मारली आणि मोठ्यानं रडले. मला लाज नाही वाटली. ती नाही रडली. दुकानात गेली, पातेल्यांच्या आड उकिडवी बसली आणि घरी फोन लावला. मी शेजारीच होते.

"मुबांगा, ऐक. मी तुला सांगितलं नव्हतं, आपलं दुकान बंद होणार होतं. आता नाही होत. राहिलं दुकान."

पलीकडून त्याचा आवाज आला, इतक्या महिन्यांत मी ऐकलेला पहिलाच.

"मला माहीत होतं. जेरे येऊन सांगून गेला होता. तू बोलत नव्हतीस म्हणून मीही बोललो नाही."

बाना न्कांडूनं हातातला गुच्छ शेजारच्या पातेल्यात ठेवला.

"रोज रात्री तू झोपेचं सोंग घेऊन पडतेस," तो म्हणाला, "आणि मीही. आज दोघं झोपू."