चालत आलेलं पाणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीचा एक गुरुवार. सोलापुरात सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक नाही... आणि डोक्यात एकच विचार, अक्काच्या गावात काय चाललं असेल?

महादेवीअक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. गाव नदीपासून लांब, पण वरच्या अंगाला मोठा उघडा माळ आहे आणि त्या माळाचं सगळं पाणी आणणारा ओढा अक्काच्या गल्लीला खेटून जातो.

पूर्वी माळावर जोराचा पाऊस झाला की बघता बघता ओढा गर्जत यायचा. एका वर्षी तिच्या सासूबाईंना बाजेसकट उचलून बाहेर काढावं लागलं... ज्वारीची पोती भिजली, दावणीचं वासरू गेलं. त्या वासराचा विषय अजून घरात कुणी काढत नाही.

म्हणून मित्राची गाडी मागून घेतली आणि निघालो. सगळ्यांना सोलापूरला आणायचंच, असं ठरवून.

पण तिथं काय बघितलं ते सांगण्याआधी मधल्या दोन वर्षांतलं सांगायला हवं...

गावानं माळावर पाणी अडवायचं काम काढलं होतं. उताराला आडव्या चरी खणल्या, घळींमध्ये दगडांचे बांध घातले, ओढ्यात माजलेली वेडी बाभूळ काढली. अक्का श्रमदानाला जायची. राखी बांधताना तिच्या हाताचे घट्टे मला लागले होते.

पण घोडं अडलं गवतावर. गवताशिवाय माळ पाणी धरत नाही, आणि शेळ्या चरत राहिल्या तर गवत वाढणार कसं? माळावर धनगरांची वस्ती आहे. गावच्या बैठकीत जो तो त्यांनाच समजावत होता. शेवटी वस्तीवरचे बिरूमामा उठले आणि म्हणाले, "पाणी तुमच्या घरात शिरतंय, आन् उपाशी आमची शेरडं मरायची व्हय?"

बैठक तशीच मोडली. अक्का मला फोनवर म्हणाली, "मला राग न्हाय आला त्याचा. खरंच बोलला की माणूस."

दुसऱ्या दिवशी ती मक्याचा भारा डोक्यावर घेऊन माळ चढली आणि बिरूमामांच्या दारात उतरवला. "माळ राखा. चारा आमी आणून देतो," एवढंच बोलली आणि परत आली.

मग गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. मका, कडबा, उसाचं वाढं... ज्या घरात जे असेल ते वर जायचं. उन्हाळ्यात घरच्या जनावरांना पुरेना तेव्हाही गेलं. अक्काच्या दिरानं यावरून एकदा घर डोक्यावर घेतलं. ती ऐकून घेत राहिली आणि हातातला भारा बांधत राहिली.

गवत गुडघ्याला लागलं तेव्हा बिरूमामा स्वतःच राखणीला बसायला लागले. बाहेरचा कळप आला की काठी घेऊन आडवे व्हायचे. शेरडं त्यांची, माळही आता त्यांचाच!

तर त्या गुरुवारी मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गल्लीतलं धान्य उंचावर चढवलेलं, म्हातारी माणसं शाळेत नेलेली. सासूबाई शाळेच्या व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कानडीत विचारत होत्या, "नीर बंतेन?" पाणी आलं का?

अक्का ओढ्याच्या काठावर उभी. मी म्हणालो, "अक्का, गाडी आणलीय. चला सगळे."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांब जरा."

इतक्या पावसात एव्हाना ओढा दारात असायला हवा होता. ओढ्यात पाणी होतं, पण तळाशी. मला वाटलं, वर कुठं बांध तर तुंबला नाही? एकदम फुटला तर?

तेवढ्यात पोत्याची खोळ पांघरलेला एक माणूस माळाकडून घसरत, सावरत खाली आला. बिरूमामा. एवढ्या पावसात वरचा एकेक बांध बघून आले होते. अक्काला बघून लांबूनच ओरडले, "पाणी निघालंय गं वरनं! पर पळत न्हाय येत... चालत येतंय!"

अक्कानं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

दिवेलागणीला ओढा काठोकाठ भरला. अगदी खालच्या दोन घरांत घोट्याएवढं पाणी शिरलं, पण तोवर तिथली चूलसुद्धा हलवून झाली होती. बाकी गल्लीत पाणी पायऱ्यांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. माणूस नाही की जनावर नाही... काहीच गेलं नाही.

नदीकाठच्या गावांचे त्या दिवसांत फार हाल झाले. एका माळावरच्या गवतानं नदीचा पूर थांबत नाही, हे अक्काही मान्य करते. पण तिचा ओढा तिच्या गावानं शांत केला, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी मी मोकळी गाडी घेऊन परतलो. कुणीच आलं नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "सोलापुरात काय हाय?"

पुरातून माणसं बाहेर काढणाऱ्यांचे फोटो आपण सगळे शेअर करतो, करायलाच हवेत. पण पूर येण्याच्या कितीतरी आधी, रणरणत्या उन्हात, दुसऱ्याच्या शेळ्यांसाठी चारा वाहून नेणाऱ्या बायकांचा फोटो माझ्याकडेही नाही. म्हणून हे लिहिलं. अक्का, तुझ्या गल्लीतल्या सगळ्याजणींना आणि बिरूमामांना तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार सांग...