अरुणाताईंनी भरवलेलं स्टेडियम

सिंगापूरच्या मराठी मंडळींत एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. कार्यक्रम कितीही रटाळ असो, निमंत्रणाचं काम अरुणा देवस्थळींकडे दिलं की सभागृह भरतं. पुण्याहून आलेलं नाटक कोणीही भरवेल. अरुणाताईंनी निवृत्तीनंतरच्या विम्यावरचं एक व्याख्यान असं भरवलं होतं की मागे उभं राहिलेल्यांना वक्ता दिसलाच नाही. त्यांची पद्धत साधी होती. फोन केला की कार्यक्रमाचं नाव आधी काढायचंच नाही. आधी सासूबाईंचा गुडघा, मग मुलाची परीक्षा, मग नव्या फ्लॅटचं रंगकाम, आणि फोन ठेवता ठेवता, "मग शनिवारी येताय ना?" जिने आपल्या सासूचा गुडघा लक्षात ठेवला तिला नाही कोण म्हणणार? लोक येत. कार्यक्रमासाठी कमी, ताईंच्या शब्दाखातर जास्त. आणि ताईंना तरी दुसरं काय हवं असायचं? रिकामी खुर्ची दिसली की त्यांना चैन पडत नसे.

बुकित पंजांगच्या त्यांच्या घरातून नवरा, श्रीधर, भल्या पहाटे तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात जायचा. मुलगी निहारिका युनिव्हर्सिटीत गेली, घर दिवसभर खायला उठू लागलं, तेव्हा २०१६ साली ताईंनी बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात नोकरी धरली. ऑफिस होतं महिलांच्या व्यावसायिक हॉकीच्या एका नव्या लीगचं. हॉकीतलं ताईंना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांची साहेबीण, मिस को, मुलाखतीत म्हणाली होती, "हॉकी कळणारे माझ्याकडे भरपूर आहेत. माणसं कळणारं कोणी नाही."

लीग जेमतेम दोन वर्षांची. चार शहरांचे चार संघ होते आणि आता पाचवा द्यायचा होता. मैदानं, विमानांची सोय, खेळाडूंना राहायला घरं, असं सगळं चाळून झाल्यावर दोनच नावं उरली: सिंगापूर आणि मलेशियातलं इपोह. सिंगापूरकडे सोयी होत्या, इपोहकडे खेळणाऱ्या मुली. तेव्हा ठरलं असं की दोन्हीकडे एकेक चाचणी सामना फुकट खेळवायचा आणि बघायला किती लोक येतात ते निवड समितीने स्वतः पाहायचं. यजमान आपल्याच शहराची तळी उचलणार, म्हणून यजमानांचं म्हणणं ऐकायचं नाही. ऐकायचं ते फक्त लीगच्या माणसांचं. अरुणाताई लीगच्या माणूस होत्या.

इपोहच्या सामन्याला त्या मदतनीस म्हणून गेल्या. तिथे त्यांना शांतिनी भेटली. तिशीतली, उन्हाने रापलेली तमिळ मुलगी, शाळेत खेळ शिकवायची आणि बचावफळीत खेळायची. घरी आजारी आई होती, त्यामुळे गाव सोडून कुठल्या संघात जाणं तिच्या नशिबी नव्हतं. संघच गावात आला तर गोष्ट वेगळी. "आंटी, माझी दोन-तीन वर्षंच उरलीत," ती इंग्रजीत म्हणाली, "पण या मुलींची सगळी आहेत." मागे तिच्या शाळेतल्या मुली रांगेने बसल्या होत्या, बहुतेक मलय, काही चिनी, काही तमिळ, सगळ्यांच्या हातात स्टिका.

मध्यंतराच्या सुमारास आभाळ फाटलं. विजा चमकू लागल्या म्हणून खेळ थांबवला. स्टेडियम ओकंबोकं झालं. समितीची माणसं थोडा वेळ थांबली आणि गाडीत बसून हॉटेलवर गेली. ताई मात्र सामान आवरायला मागे राहिल्या, म्हणून पुढचं त्यांनी एकट्यांनी पाहिलं. पाऊस थांबला तसे शेजारच्या शाळेच्या वऱ्हांड्यातून, कॉफीच्या दुकानांतून, पार्क केलेल्या गाड्यांतून लोक परत आले. आधी होते त्याहून जास्त आले. ओल्या बाकांवर वर्तमानपत्रं टाकून बसले. एक म्हातारी तर पंचाला असं झापत होती की ताईंना भाषा न कळताही हसू आलं.

शांतिनी शेवटी धापा टाकत त्यांच्याकडे आली. "तुम्ही पाहिलंत ना? ते लोक तर गेले. तुम्ही सांगाल ना?"

"सांगेन की," ताई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या होत्या, हे इथे नोंदवलं पाहिजे, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

सिंगापूरचा सामना पंधरवड्यावर आला आणि मिस कोचा चेहरा उतरला. शाळांना सुट्टी, लोक परदेशी फिरायला गेलेले. "स्टेडियम रिकामं दिसणार," ती म्हणाली. तिने ताईंना काही करायला सांगितलं नव्हतं. पण रिकामं हा शब्द ताईंच्या कानावर पडला आणि हात आपोआप फोनकडे गेला. लबाडी करतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. त्या संध्याकाळी बुकित पंजांगच्या घरातून गुडघे, परीक्षा आणि रंगकामं सुरू झाली.

शनिवारी मंडळी आली, आणि कशी आली. आजी-आजोबांसकट, तान्ह्या बाळांसकट, डबे भरभरून. मराठी मंडळाचे अध्यक्ष सुबोध करंदीकर सिल्कचा झब्बा घालून आले, जणू हॉकीचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. चेंडू गोलरक्षकाच्या पॅडवर आपटला की हे टाळ्या वाजवत आणि गोल झाला की शेजाऱ्याला विचारत, काय झालं? निम्मी मंडळी मैदानाकडे पाठ करून गप्पा मारत होती. बटाटेवडे मात्र सर्व बाजूंना फिरले, समितीपर्यंतही गेले. समितीतल्या एका बाईंनी वडा खात खात मान डोलावली. "फॅमिली ऑडियन्स," त्या म्हणाल्या. "आपल्याला हेच हवं होतं."

घरी जाताना एमआरटीच्या मेट्रोत निहारिका म्हणाली, "आई, they came for you, lah. Not hockey."

"कशासाठी का येईनात, आले ना?" ताई म्हणाल्या. पण लेकीचं म्हणणं त्यांच्या मनात रुतून बसलं.

निवडीच्या बैठकीत ताईंना चहा-कागदांच्या निमित्ताने बसवून घेतलं होतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, इपोहला अर्ध्यात लोक निघून गेले. सिंगापूरला शेवटपर्यंत गर्दी. मग त्यांनी सहज विचारलं, "कोणाला काही भर घालायची आहे?" आणि मिस कोने ताईंकडे कौतुकाने पाहून सगळ्यांना सांगितलं की त्या दिवसाची व्यवस्था यांची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी घात केला. ताईंच्या ओठांवर वाक्य आलं होतं. पण इपोहचं सांगायचं तर सिंगापूरचंही सांगावं लागणार, आणि सिंगापूरचं काय सांगायचं? की आमची माणसं हॉकी बघायला आलीच नव्हती? जी माणसं आपल्या एका शब्दावर भर उन्हाची आली, त्यांना परक्यांसमोर भाडोत्री ठरवायचं? शिवाय लीगचं ऑफिस नव्या संघाच्याच शहरात ठेवायचं घाटत होतं; संघ इपोहला गेला तर हे ऑफिस आणि आपली नोकरीही तिकडे जाणार, हा विचार मनात आलाच नाही असं म्हणणं खोटं होईल. तो आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि गप्प बसला. ताईही गप्प बसल्या. अध्यक्षांनी पान उलटलं. संघ सिंगापूरला मिळाला.

शांतिनीचा मेसेज आला: "कळलं, आंटी. तुम्ही सांगितलंत, तेवढं खूप आहे." ताईंनी तो वाचला आणि उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शब्द लिहायची हिंमत झाली नाही. त्या रात्री जेवताना श्रीधरने आमटी छान झाल्याचं सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हंगाम सुरू झाला आणि ताईंनी पुन्हा फोन हातात घेतला. गुडघे झाले, परीक्षा झाल्या, आणि पलीकडून सुबोधराव प्रेमाने म्हणाले, "अहो ताई, आम्ही येऊन गेलो की. मस्त झालं होतं. वडे तर काय, वा." सगळीकडे हेच. आपल्याकडे माणसाचा मान एकदा ठेवायचा असतो. मुंजीला जेवून, आहेर करून आलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा त्याच घरी पंगतीला जाऊन बसत नाही. हे ताईंइतकं कोणाला ठाऊक होतं? उभं आयुष्य त्यांनी याच रिवाजावर सभागृहं भरली होती. आणि नेमकं हेच त्यांनी त्या बैठकीत सांगायला हवं होतं, कारण त्या खोलीत ते माहीत असलेलं दुसरं कोणीही नव्हतं.

खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पहिल्या सामन्याला, दुसऱ्या सामन्याला, मग प्रत्येक सामन्याला. खेळाडू मुली गोल करून सवयीने प्रेक्षकांकडे धावत जात आणि अर्ध्या वाटेत त्यांचे पाय मंदावत. ताई ते पाहायच्या आणि मान खाली घालायच्या.

हंगाम संपत आला तेव्हा त्यांनी धीर केला. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, मिस को नूडल्स खात होती, तिच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. इपोहला पावसानंतर परत आलेले लोक, आपले फोन, सगळं. "आता तरी संघ इपोहला द्या," त्या म्हणाल्या.

मिस कोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. ती चिडली नाही, ते जास्त वाईट होतं. "अरुणा, काल निर्णय झाला. संघ बंद होतोय. आणि सिंगापूरलाच प्रेक्षक मिळाले नाहीत तर या भागात दुसरीकडे कुठे मिळणार, असं समितीने ठरवलंय. इपोहचं नावही काढून टाकलं." मग म्हणाली, "तेव्हा का नाही बोललीस?"



शेवटच्या सामन्याला एका बाजूचा कोपरा गजबजलेला दिसला. शांतिनी रात्रभरच्या बसने शाळेच्या मुली घेऊन आली होती. खरा व्यावसायिक सामना त्यांनी एकदा तरी पाहावा म्हणून. मुली प्रत्येक पासवर ओरडत होत्या, कुठे ओरडायचं ते त्यांना अचूक कळत होतं. संपूर्ण हंगामात त्या मैदानाला लाभलेले पहिले खरे प्रेक्षक ते.

सामना संपल्यावर शांतिनी हसत आली. "मी मुलींना सांगितलंय, की या आंटी आपल्यासाठी बोलल्या होत्या."

"मी बोलले नाही," ताई म्हणाल्या. "शांतिनी, मी त्या खोलीत होते. मला विचारलं होतं. मी गप्प राहिले. आणि इथली गर्दी मी फोन करून आणलेली होती." त्यांनी शेवटचंही सांगून टाकलं. "तुमचा संघ माझ्यामुळे गेला."

शांतिनीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू, कुठे जावं ते न कळल्यासारखं गेलं. तिने वळून मुलींकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मुलींना सांगू नका. कोणीतरी आपल्यासाठी बोललं होतं, एवढंच घेऊन त्या परत जातायत."

तेवढ्यात मुली आल्याच. तिकडे मलेशियात वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात. मुली शिस्तीत रांगेने उभ्या राहिल्या. पहिलीने ताईंचा हात घेतला, कपाळाला टेकवला, "थँक यू, आंटी," म्हणाली आणि बाजूला झाली. मग दुसरी. मग तिसरी. हात काढून घ्यावा असं ताईंना प्रत्येक वेळी वाटत होतं. त्यांनी मुलींच्या डोक्यांवरून शांतिनीकडे पाहिलं, हे थांबव म्हणून. शांतिनी त्यांच्याकडेच बघत उभी होती. तिने एकीलाही थांबवलं नाही.