नागपुरात आपलं घर आहे

आमच्या समोरच्या खोलीतला दिवाण पेशंटांचा होता. वडील सिवनीपलीकडच्या एका छोट्या हिंदीभाषी गावचे. नोकरीसाठी नागपूरला आले, इथल्याच मुलीशी लग्न करून इथलेच झाले; पण गावानं त्यांना सोडलं नाही. तिकडे कोणाला कावीळ झाली, कोणाचा पाय मोडला, की तो सकाळची बस पकडून, कन्हान-कामठी मागे टाकून, दुपारी आमच्या दारात हजर. सोबत दोन माणसं आणि एक्स-रेचा लिफाफा. "नागपुर में अपना घर है," असं ते एकमेकांना सांगत. घर आमचं, बरं का!

वडील गेल्यावर दवाखान्याच्या रांगा माझ्या नशिबी आल्या. मी मुळात चिडका. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या लघवीची बाटली घेऊन लॅब शोधणं मला आवडत नसे, आणि ते मी लपवतही नसे. आई म्हणायची, "काहून तोंड पाडून राहिला गा? त्यायले इथं दुसरं कोन हाये?"

बुआ मात्र कधी आली नव्हती. बुआ म्हणजे गावातली वडिलांची मानलेली बहीण, एकटी, शिवणकाम करून जगणारी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याच घरी पडलेला असे. उरल्यासुरल्या कापडातून ती मला शर्ट शिवायची, दोन बाह्या दोन रंगांच्या, आणि मी ते घालून ऐटीत बाजारात फिरायचो.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. आठ दिवस राहिलेले पाहुणे त्याच सकाळी गेले होते. दिवाणावरची चादर अजून बादलीत भिजत होती. बुआ म्हणाली, "बेटा, पेट में गाँठ जैसी लगती है. दो दिन के लिए आ जाऊँ?"

"बुआ, मामा के लड़के की शादी है, हम सब बाहर जा रहे हैं," मी म्हणालो. "बाद में फोन करता हूँ."

माझ्या मामाला मुलगाच नाही. घाईत तेवढंच सुचलं. तिनं नवरा-नवरीला तोंड भरून आशीर्वाद दिले. आईला मी काही सांगितलं नाही. बुआला फोनही केला नाही, आणि न बोलावता ती आली नाही.

दोन महिन्यांनी तिचा पुतण्या तिला घेऊन आला. ती निम्मी झाली होती, तरी हातात मटारच्या शेंगांची पिशवी होतीच. आई आणि मी तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सोबत आणलेले रिपोर्ट पाहिले आणि ते पुतण्यावर ओरडले, "इतने दिन क्यों रुके?" उत्तर बुआनंच दिलं.

"इनके यहाँ शादी थी, साहब. शादी के घर में बीमार को लेकर कौन जाता है?" मग आईकडे वळून तिनं विचारलं, "अच्छे से निपट गई ना, भाभी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"हाँ दीदी," आई म्हणाली. "अच्छे से."

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. संध्याकाळी दिवाणावर पडल्या पडल्या बुआनं पिशवी मागितली आणि मटारखालून एक लाल ब्लाउज काढला. "दुल्हन के लिए है, भाभी. नाप मालूम नहीं था, तो अंदर कपड़ा छोड़ा है. जितना लगे, खोल लेना." पोटात गाठ घेऊन, मशीनचं पायडल मारत तिनं तो शिवला होता. आईनं दोन्ही हातांनी तो घेऊन कपाळाला लावला. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

बुआ महिनाभरही जगली नाही. कोणाचं लग्न, हे आईनं मला आजवर विचारलेलं नाही. ब्लाउज तिनं माझ्या कपाटात, माझ्या शर्टांवर ठेवला. शर्ट काढायचा तर रोज आधी तो उचलावा लागतो.