दोर माहीत नसलेलं शिंगरू

भुसावळ स्टेशनाबाहेर आमच्या आबांचा टांगा होता. रिक्षा वाढल्या आणि टांग्यात बसायला कुणी येईना. दिवसभर उभं राहून चाऱ्यापुरतंही सुटत नसे. घोडीला घातलं की आमची चूल थंड, चूल पेटली की घोडी उपाशी. त्या दिवसांत ती कुणी विकतही घेईना. शेवटी आबांनी तिला तापीकाठी नेलं, तोंडावरची दोरीची म्होरकी काढली आणि एकटेच परत आले. बाकीच्या टांगेवाल्यांनीही तेच केलं होतं. आबा हमालीला लागले.

मी शिकले. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात पहिली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वर्गात सरांनी सांगितलं, की खरा रानटी घोडा मंगोलियाकडच्या माळावरच उरलाय. त्याच्या पूर्वजांना कुणी कधी बांधलं नाही. इतर ठिकाणी कळपानं हिंडतात ते सुटलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज. ते मोकाट, रानटी नव्हेत. मी खाली मान घालून लिहून घेतलं.

गेल्या वर्षी आमची घोडी नदीकाठच्या उकिरड्यावर दिसली. सोबत तिचं शिंगरू. त्याच सुमारास एका मोटारसायकलला मोकाट घोडा आडवा गेला, आणि पालिकेची गाडी भोंगा लावून फिरली: आपापली जनावरं बांधा, नाहीतर पकडून लांब पाठवू. आबा म्हणाले, एकदा सोडली, आता नाही. दोघांनाही आणायचं.

घोडी सोपी गेली. आबांनी बादली वाजवली तशी ती आली आणि आपणहून म्होरकीत तोंड घातलं. शिंगरू मात्र उधळलं. भिजवलेले हरभरे, गूळ, कशालाच तोंड लावेना. जमलेले लोक म्हणाले, जंगली आहे, आबा, तेच तुम्हाला टांग्याला जुंपेल. आबा हसले नाहीत.

"जंगली नाही ते. त्याले कोनी हात लावेल नाही, एवढंच."

हरभरा खायचा असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. ते वाढलं वेफरवाल्यांनी टाकलेल्या केळ्यांच्या सालींवर. मी सालीच आणते म्हटलं, तर आबांना ते लागलं.

"माय, आपन उपाशी राहिलो, पन घोडीले कधी कोनी टाकेल चारलं नाही."

"उकिरड्यावर तिला आपणच धाडलं, आबा."

आबांनी कोपऱ्यातली रिकामी पाटी काढून माझ्यापुढे ठेवली.

मग रोज शाळेत शिकवायला जाण्याआधी मी सालींची पाटी घेऊन काठावर बसायचे. शेजारी घोडी बांधलेली. पाय भरून यायचे, बोटांचा वास जायचा नाही. पलीकडच्या काठावर पालिकेची गाडी दिसायची आणि नदीकाठच्या मोकाट घोड्यांचा कळप कमी होत चालला होता. शिंगरू थोडं जवळ यायचं, पुन्हा पळायचं. मी सालीत हरभरे गुंडाळू लागले.

एके सकाळी आबांनी पाटी माझ्याकडून घेतली. खाली बसले, साल हातात धरली. शिंगरानं ती खाल्ली, मग हात चाटला. आबांनी हळूच म्होरकी चढवली. ते खूप धडपडलं, दमलं, आणि मग आईच्या मागून चालू लागलं. आम्हीही दमलो होतो.

आता ते आमच्या दारात बांधलेलं असतं आणि हरभरे खातं.