तेलुगूतली पाच मिनिटं

परवा लेकीसाठी नवी चादर आणली. घडी उलगडताना सुताचा आणि खळीचा वास आला, आणि मला एकदम पद्मा आठवली.

पद्मा भवानी पेठेतल्या तेलुगू विणकराची मुलगी. तिच्या दप्तरालाही हाच वास असायचा. मी तेव्हा नववीला नाट्य शिकवत होते. वर्षअखेरीला प्रत्येकीनं पाच मिनिटांचा एकपात्री प्रवेश करायचा आणि त्याच दुपारी मी गुण ऑफिसात द्यायचे. पद्माची वही सुरेख होती, पण बोलायला उभी राहिली की ती दुसऱ्याच वाक्याला अडायची. त्या दिवशीही तसंच झालं. मी नाइलाजानं कमी गुण लिहायला घेतले, तशी ती हळूच म्हणाली, "बाई, तेलुगूत करून बघू का?"

"कर की," मी म्हणाले.

ती जमिनीवर बसली आणि स्वतःची आई झाली. तुटलेला धागा जोडत, मागांच्या खडखडाटात शेजारणीशी ओरडून बोलत, मधेच बाळाला दटावत. मला एक शब्द कळला नाही, तरी हसता हसता माझे डोळे भरून आले.

अभिनयाला मी पैकीच्या पैकी दिले. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "बाई, उच्चाराचा रकाना मोकळाच राहिलाय की."

"मला तेलुगू कुठं येतं? गुण कसे देऊ?"

ते घरी कन्नड बोलणारे. हसून म्हणाले, "मग पूर्णच लिहा की." मी तेही पूर्ण लिहिले.

तेव्हा वाटलं होतं, मी तिला सवलत दिली. आता वाटतं, वर्षभर ती माझ्या भाषेत अडखळत होती, आणि "तू घरी कशी बोलतेस, ते ऐकव" एवढं साधं मला एकदाही सुचलं नव्हतं.