सोन्याचं जावळ

माळ्यावर मेंढरं कातरायची जुनी कातर सापडली. पार गंजलीय, तरी लोकरीचा वास तसाच. त्या वासानं मला तीस वर्षं मागं, बावड्याला नेलं.

बहिणीच्या पोराचं, सोन्याचं, जावळ पाच वर्षं लांबलं होतं. कानाजवळ कात्री आली की तो किंचाळायचा, मानेवर केस पडला तरी कातडं ओरबाडायचा.

"त्येला लई दुखतंय, तात्या," बहीण वडलांना म्हणाली.

"केसाला कुठं दुखतंय व्हय?" तात्या माझ्याकडं वळले. "तू मामा हायेस. मांडीवर घे आन् धर घट्ट, कातरताना मेंढरू धरतो तसं."

मी धरलं. न्हाव्याचा हात चालू लागला. सोन्या तडफडला, ओरडला आणि एकदम गप झाला. डोळे उघडे, अंग लाकडासारखं.

"बघ, झाली सवय," तात्या म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

पुढं बहीणच त्याचे केस कापायची. आधी डोकं तळहातानं दाबायची, मग एकच बट. तो "पुरं" म्हणाला की थांबायची. सगळं डोकं व्हायला आठवडा लागायचा.

मेंढरू सवयीनं गप होत नाही. सुटका नाही, हे कळलं की गप होतं. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.